पांडुरंग सदाशिव खानखोजे

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे (जन्म : वर्धा, १८८४ च्या सुमारास, मृत्यू : २२ जानेवारी, १९६७) हे भारतीय क्रांतिकारक, गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक आणि मेक्सिकोतील कृषिशास्त्रज्ञ होते. मक्याच्या व गव्हाच्या वाणांवरील संशोधनासाठी आणि शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या मोफत शेतकी शाळांसाठी ते मेक्सिकोत ओळखले जातात. ब्रिटिश सरकारच्या काळ्या यादीत नाव असल्यामुळे सुमारे चार दशके त्यांना उघडपणे मायदेशी येता आले नाही. भारत स्वतंत्र झाल्यावर त्यांनी येथे येण्यासाठी केलेला व्हिसाचा अर्जही आरंभी याच यादीमुळे नाकारला गेला.

== बालपण आणि देशत्याग ==

खानखोजे यांचे वडील वर्ध्याला अर्जनविसाचे काम करीत. प्राथमिक व माध्यमिक शिक्षण वर्ध्यात झाल्यावर पुढील शिक्षणासाठी ते नागपूरला गेले. विदर्भात त्या काळी लोकमान्य टिळकांचा प्रभाव मोठा होता. खानखोजेही त्याच विचारांकडे ओढले गेले. सशस्त्र लढ्यासाठी लष्करी शिक्षण परदेशातच मिळू शकेल, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एका फ्रेंच कंपनीच्या जहाजाने त्यांनी देश सोडला. प्रथम ते जपानला व तेथून अमेरिकेला गेले.

त्या वेळी प्रवास करणाऱ्याजवळ पारपत्र असलेच पाहिजे असा सर्वत्र नियम नव्हता. जहाजाचे भाडे आणि बंदरावरच्या तपासणीतून पार पडण्यापुरती प्रकृती व पैसा एवढ्यावर वर्ध्याचा तरुण सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पोहोचू शकत होता. भारतातून बाहेर जाण्यासाठी पारपत्र सक्तीचे झाले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७ च्या नियमांनी. भारतात प्रवेश करणाऱ्यांसाठीचा कायदा १९२० साली आला. खानखोजे गेले तेव्हा दार उघडे होते, पुढे परतायची वेळ आली तेव्हा त्याला कुलूप लागलेले होते.

== अमेरिकेतील शिक्षण ==

अमेरिकेत मोलमजुरी करून खानखोजे यांनी शिक्षण घेतले. कॅलिफोर्नियात बर्कली येथील विद्यापीठात त्यांनी शेतकीचा अभ्यास केला आणि माउंट टॅमलपायस येथील लष्करी विद्यालयात सैनिकी शिक्षणही घेतले. त्यानंतर ते ऑरेगन राज्यातील कॉर्व्हॅलिस येथील कृषी महाविद्यालयात होते. वॉशिंग्टन स्टेट कॉलेजातून १९१३ साली त्यांनी पदवी संपादन केली. बंदूक आणि नांगर या दोन्ही विद्या त्यांनी एकाच वेळी शिकून घेतल्या. पुढील आयुष्यात पहिलीचा उपयोग काही वर्षेच झाला, दुसरीचा अखेरपर्यंत.

पॅसिफिक किनाऱ्यावर त्या काळी लाकडाच्या गिरण्यांत व शेतांवर पंजाबी मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांच्याविरुद्ध गोऱ्या कामगारांत असंतोष होता. सप्टेंबर १९०७ मध्ये बेलिंगहॅम गावात जमावाने भारतीय मजुरांना मारहाण करून हुसकावून लावले होते. खानखोजे यांनी पंडित काशीराम यांच्याबरोबर या मजुरांत संघटनेचे काम केले. १९१३ साली स्थापन झालेल्या हिंदी असोसिएशन ऑफ पॅसिफिक कोस्ट या संस्थेच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. सोहनसिंग भकना या संस्थेचे अध्यक्ष व लाला हरदयाळ चिटणीस होते. तिच्या 'गदर' या पत्राचा पहिला अंक १ नोव्हेंबर, १९१३ रोजी निघाला आणि पुढे संघटनाही त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. सशस्त्र उठावाच्या तयारीची बाजू खानखोजे यांच्याकडे होती. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील विष्णू गणेश पिंगळे हेही याच चळवळीत होते. ते उठावासाठी भारतात परतले आणि १६ नोव्हेंबर, १९१५ रोजी त्यांना लाहोरच्या तुरुंगात फाशी देण्यात आले.

हरदयाळ यांची हकीकत या संदर्भात महत्त्वाची आहे. ते काही काळ स्टॅनफर्ड विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकवीत होते. मार्च १९१४ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर खात्याने ते अराजकवादी असल्याच्या कारणावरून त्यांना अटक केली. त्यांच्यावर कोणत्याही गुन्ह्याचा खटला भरला नव्हता, परक्या देशाच्या नागरिकाला तेथे राहू द्यायचे की नाही एवढाच प्रश्न होता. जामिनावर सुटताच हरदयाळ स्वित्झर्लंडला निघून गेले. परदेशी विद्वानाला विचारांसाठी शिक्षा करायची तर न्यायालयापेक्षा स्थलांतराचा कायदा सोपा पडतो, हे या प्रकरणात उघड झाले. अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

सर्वच विद्यार्थ्यांच्या वाट्याला हे आले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. खानखोजे पदवी घेत होते त्याच वर्षी, १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१७ साली भारतात परतले. गोव्याचे धर्मानंद कोसंबी १९१० पासून हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथांच्या कामासाठी जाऊन येत होते. लाला लजपतराय मात्र युद्धकाळात अमेरिकेत अडकून पडले आणि १९२० च्या आरंभीच त्यांना मायदेशी पाऊल ठेवता आले. ज्याचे नाव सरकारच्या यादीत नव्हते त्याला समुद्र ओलांडता येत होता, ज्याचे होते त्याला नाही.

== महायुद्धाचा काळ ==

१९१४ साली युद्ध सुरू झाल्यावर खानखोजे नाव बदलून तुर्कस्तानमार्गे इराणात गेले. बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांच्या समितीशी त्यांचा संबंध होता. दक्षिण इराणात सर पर्सी साइक्स यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश फौजेविरुद्ध लढणाऱ्या कशगाई टोळ्यांबरोबर त्यांनी काम केले. तेथे ते जखमी झाले, पकडले गेले आणि निसटले. युद्धानंतर ते जर्मनीत पोहोचले. १९२१ साली वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय, भूपेंद्रनाथ दत्त आदींबरोबर ते मॉस्कोला गेले होते. या भेटीतून हाती काही लागले नाही.

याच काळात परतीचे मार्ग एकेक करून बंद झाले. अमेरिकेने फेब्रुवारी १९१७ च्या कायद्याने भारतासह आशियाच्या मोठ्या भागातून येणाऱ्यांना प्रवेशबंदी केली. विद्यार्थी व अध्यापक यांना त्यातून सूट होती, परंतु गदर चळवळीतील माणसाला त्या सवलतीचा फायदा मिळणे शक्य नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत नोव्हेंबर १९१७ ते एप्रिल १९१८ या काळात हिंदू-जर्मन कट म्हणून ओळखला जाणारा खटला चालला आणि तारकनाथ दास यांच्यासारखे अमेरिकेचे नागरिकत्व मिळवलेले अभ्यासकही तुरुंगात गेले. १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वाचा अधिकार नसल्याचा निर्णय दिला. ज्या विद्यापीठांत खानखोजे शिकले, तेथे संशोधक म्हणून परत जाण्याची वाट अशा रीतीने संपली. भारतात तर अटक ठरलेलीच होती.

== मेक्सिकोतील कार्य ==

कॅलिफोर्नियात शेतमजुरी करताना खानखोजे यांची मेक्सिकन क्रांतिकारकांशी ओळख झाली होती. ती ओळख आता कामी आली. १९२४ साली ते मेक्सिकोला गेले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात अध्यापक झाले. हे विद्यालय त्याच सुमारास मेक्सिको शहराजवळच्या एका जुन्या जहागिरीच्या जागेत हलवण्यात आले होते. जमीनदाराच्या वाड्यात शेतकऱ्यांच्या देशाचे शेतकी शिक्षण सुरू व्हावे, ही कल्पना १९१० च्या क्रांतीतून आलेली होती. क्रांतीनंतर गावांना परत मिळालेल्या जमिनींवर काय पेरायचे आणि कसे, हा सरकारपुढचा तातडीचा प्रश्न होता. स्पॅनिश शिकून त्या भाषेत शिकवणारा, स्वतः शेतात राबलेला आणि अमेरिकन विद्यापीठांत तयार झालेला माणूस या कामाला योग्य होता. त्याच्यामागे ब्रिटिशांचे वॉरंट आहे की नाही, याची चौकशी मेक्सिकोने केली नाही.

खानखोजे यांचे मुख्य संशोधन मक्यावर होते. मका हे मेक्सिकोचे मूळ पीक व रोजचे अन्न. रानमक्याची जात असलेल्या तेओसिंते या गवताशी मक्याचा संकर करणे, जास्त उत्पादन देणारे वाण निवडणे आणि त्याची गावोगावी लागवड करून पाहणे असे हे काम होते. गव्हाच्या बाबतीत अवर्षण व रोग यांना तोंड देणाऱ्या वाणांवर त्यांनी भर दिला. मेक्सिकोच्या सरकारी मका सुधार कार्यक्रमाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

विद्यालयाच्या भिंतींबाहेर त्यांनी केलेले काम तितकेच महत्त्वाचे होते. शेतकऱ्यांच्या संघटनांच्या मदतीने त्यांनी मोफत शेतकी शाळा सुरू केल्या. त्यांत शेतकरी व त्यांची मुले फी न भरता बियाण्याची निवड, खते, पाणी यांचे शिक्षण घेत. यांपैकी एका शाळेला क्रांतीचे शेतकरी नेते एमिल्यानो सापाता यांचे नाव देण्यात आले होते. चित्रकार दिएगो रिवेरा या उपक्रमाचे पाठीराखे होते. मेक्सिको शहरातील शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिवेरा यांनी काढलेल्या भित्तिचित्रांपैकी 'आमची भाकरी' या अर्थाचे नाव असलेल्या चित्रात मेजाच्या प्रमुख जागी बसून भाकरी वाटणारी व्यक्ती खानखोजे असल्याचे मानले जाते. त्यांच्या शेतातील कामाची छायाचित्रे इटालियन छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी टिपली.

मोदोत्ती यांच्यावर पुढे जे आले त्यावरून मेक्सिकोच्या आदरातिथ्याची मर्यादाही कळते. मेक्सिकोच्या १९१७ च्या राज्यघटनेतील ३३ व्या कलमाने नको असलेल्या परकीयाला देशाबाहेर घालवण्याचा अधिकार सरकारला दिला होता. फेब्रुवारी १९३० मध्ये अध्यक्ष पास्क्वाल ओर्तिस रुबियो यांच्यावर गोळीबार झाल्यावर मोदोत्ती यांना पकडण्यात आले आणि त्याच महिन्यात देश सोडावा लागला. परदेशी अध्यापक, कलावंत व निर्वासित यांना मेक्सिकोत राहताना हे कलम विसरून चालत नसे. उलट बाजूने पाहता, त्याच देशाने १९३७ साली त्रोत्स्की यांना आश्रय दिला आणि स्पेनमधील यादवी युद्धातून पळालेल्या प्राध्यापकांसाठी १९३८ साली एक स्वतंत्र संस्था काढली. पुढे तिचेच एल कोलेहिओ दे मेहिको या नामांकित संशोधन केंद्रात रूपांतर झाले. इतर देशांनी दार लावून घेतलेल्या विद्वानांमुळे मेक्सिकोतील अनेक ज्ञानशाखा उभ्या राहिल्या. खानखोजे हे त्या मालिकेतील आरंभीच्या लोकांपैकी होत.

१९३६ साली त्यांनी जान अलेक्झांड्रिन सिंडिक या बेल्जियन स्त्रीशी मेक्सिकोत विवाह केला. या दांपत्याला सावित्री व माया या दोन मुली झाल्या.

== प्रवेशबंदी ==

खानखोजे मेक्सिकोत असताना भारतात शेतकी संशोधनाच्या संस्था वाढत होत्या. नागपूर व पुणे येथील कृषी महाविद्यालये विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात सुरू झाली होती. बिहारमधील पुसा येथील संशोधन संस्था १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ साली दिल्लीला हलली. वनस्पतींच्या संकराचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या अभ्यासकाला यांपैकी कोठेही काम मिळू शकले असते, पण त्यासाठी आधी बंदरावर उतरता आले पाहिजे होते. त्यांचे संशोधन त्यामुळे मेक्सिकोत, स्पॅनिश भाषेत आणि मक्याच्या पिकावर झाले. वऱ्हाडच्या ज्वारीला व कपाशीला त्याचा काहीच लाभ झाला नाही. एखाद्याला देशात येऊ न देण्याचा निर्णय वरवर त्या एकाच माणसापुरता वाटतो, परंतु त्याला मिळू न शकलेले विद्यार्थी, सहकारी आणि जमीन हेही त्या निर्णयाच्या कक्षेत येतात.

या बंदीचे बळी अनेक होते. मुंबईत जन्मलेले शापूरजी सकलातवाला हे ब्रिटिश संसदेचे सभासद असूनही १९२७ च्या भारत दौऱ्यानंतर त्यांना पुन्हा भारतात येण्यास मनाई झाली. वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय परतू शकले नाहीत आणि १९३७ साली स्टालिनच्या काळातील शिरकाणात मॉस्कोत मारले गेले. हरदयाळ यांनी लंडन विद्यापीठातून बौद्ध तत्त्वज्ञानावर डॉक्टरेट मिळवली. त्यांना मायदेशी येण्याची परवानगी १९३८ मध्ये मिळाली, पण परतण्याआधीच ४ मार्च, १९३९ रोजी फिलाडेल्फियात त्यांचे निधन झाले. तारकनाथ दास भारतात आले ते थेट १९५२ साली.

माफी मागून सुटका करून घेण्याचा मार्ग खानखोजे यांनी पत्करला नाही. त्यांच्या कन्येने लिहिलेल्या चरित्राचे शीर्षकही याच निश्चयावर आहे.

१५ ऑगस्ट, १९४७ नंतर बंदीचे कारणच उरले नव्हते. खानखोजे यांनी भारतात येण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला. तो नाकारला गेला. ब्रिटिश राजवटीने धोकादायक म्हणून नोंदवलेल्या व्यक्तींच्या यादीत त्यांचे नाव होते आणि सत्तांतर झाले तरी यादी कायम होती. हे विचित्र वाटले तरी कार्यालयीन दृष्टीने अनपेक्षित नव्हते. १९२० चा प्रवेशाचा कायदा आणि १९४६ चा परकीयांविषयीचा कायदा हे दोन्ही स्वतंत्र भारतात पुढे चालू राहिले. त्यांच्याबरोबर जुन्या नोंदीही चालू राहिल्या. ज्या सरकारविरुद्ध लढल्याबद्दल नाव यादीत गेले, त्या लढ्यातूनच नवे सरकार आले होते, पण यादी तपासणाऱ्या कारकुनापुढे फक्त नाव होते, त्यामागचे कारण नव्हते. शिवाय मेक्सिकोशी भारताचे राजनैतिक संबंध १९५० साली प्रस्थापित झाले, त्यामुळे त्याआधी तेथे राहणाऱ्याची बाजू समजून घेणारा भारतीय वकिलातीतील अधिकारीही मेक्सिकोत नव्हता. पुढे हा नकार रद्द करण्यात आला आणि खानखोजे यांचा मार्ग मोकळा झाला.

== भारतात पुनरागमन ==

१९४९ साली नागपूरच्या प्रांतिक सरकारच्या निमंत्रणावरून शेतीविषयक सल्ल्यासाठी खानखोजे भारतात आले. देश सोडताना ते विशीत होते, आता साठी उलटली होती. पुढे १९५० च्या दशकात त्यांनी मेक्सिकोतील बस्तान आवरले आणि ते कुटुंबासह नागपुरात स्थायिक झाले. येथे त्यांनी सार्वजनिक व राजकीय कामात भाग घेतला, परंतु चापिंगोत जशी प्रयोगभूमी, विद्यार्थी आणि सरकारी पाठबळ त्यांच्या हाती होते तसे भारतात पुन्हा लाभले नाही. संशोधकाच्या उमेदीची वर्षे मेक्सिकोने वापरली होती, भारताच्या वाट्याला त्यांचे उतारवय आले.

त्यांच्या अखेरच्या वर्षी मेक्सिकोचा गहू मात्र भारतात आला. अमेरिकेच्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९४३ साली मेक्सिकोत सुरू केलेल्या कार्यक्रमात नॉर्मन बोरलॉग यांनी विकसित केलेल्या बुटक्या वाणांचे सुमारे १८,००० टन बियाणे भारताने १९६६ साली आयात केले. हा कार्यक्रम खानखोजे यांच्या कामाहून वेगळा व नंतरचा होता. मेक्सिकोच्या मातीत तयार झालेले वाण भारतीय शेतात नेण्याची कल्पना खानखोजे यांना मात्र नवी वाटली नसती.

२२ जानेवारी, १९६७ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १० एप्रिल, १९६७ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा निर्णय दिला आणि पारपत्र देणे-नाकारणे सरकारच्या मर्जीवर सोडता येणार नाही असे ठरवले. त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्र अधिनियम संमत झाला. नाकारण्याची कारणे त्यात प्रथमच कायद्याने निश्चित करण्यात आली. हा हक्क भारतीय नागरिकांचा आहे. खानखोजे यांनी ज्या रांगेत उभे राहून अर्ज केला, त्या व्हिसा मागणाऱ्या परदेशी अभ्यासकांच्या प्रवेशाचा निर्णय अजूनही मुख्यतः सरकारच्या अखत्यारीत आहे.

== चरित्रे आणि स्मारक ==

सावित्री साहनी यांनी वडिलांचे इंग्रजी चरित्र लिहिले आहे. मराठीत वीणा गवाणकर यांनी 'डॉ. खानखोजे : नाही चिरा...' हे चरित्र लिहिले असून विदर्भाबाहेरच्या मराठी वाचकांना खानखोजे यांची ओळख मुख्यतः त्यातून झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये चापिंगो येथील विद्यापीठाच्या आवारात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण लोकसभेचे अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते झाले. रिवेरा यांनी १९२४ ते १९२७ या काळात रंगवलेले प्रार्थनागृह याच आवारात आहे.